सनद ते सर्च : मदरशातलं उच्च शिक्षण आणि संगणक

'मदरसा' हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र येतं. टोपी घातलेली लहान मुलं, समोर लाकडी रेहलवर उघडलेलं कुराण आणि मागेपुढे डोलत चाललेलं पाठांतर. टीव्हीवर मदरशाची कुठलीही बातमी असो, मागे हीच क्लिप फिरत असते. पण हे झालं प्राथमिक. बालवाडीचा फोटो दाखवून 'ही बघा आयआयटी' असं आपण म्हणत नाही, मग इथे का म्हणावं? मदरशातही पुढे सात-आठ वर्षांचा अभ्यासक्रम असतो, जाडजूड ग्रंथ असतात, परीक्षा असतात, शेवटच्या वर्षाचं टेन्शन असतं. होस्टेल असतं, मेस असते आणि मेसमधल्या डाळीवर तिथेही जोक होतात!

या विषयाकडे मी आलो तो अगदी कोरड्या तांत्रिक वाटेने. मी कॉम्प्युटरचा. आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी भारतीय लिप्यांमधल्या मजकुराचा शोध हा विषय घेतला. त्यात उर्दू आली आणि उर्दूच्या मागोमाग ग्रुपमधल्या एकाचे मामू आले. हे मामू मराठवाड्यातल्या एका मदरशात वरच्या वर्गांना शिकवतात. फॉन्टबद्दल दोन प्रश्न विचारायला गेलो आणि तीन तास बसलो. त्यानंतर जे वाचलं, विचारलं ते इथे मांडतोय. मदरसे असावेत की नसावेत, या वादात मला पडायचं नाही. तो वाद घालायला चॅनेलवाले समर्थ आहेत. माझा प्रश्न साधा आहे : जी शिक्षणपद्धती गुरूसमोर बसून ऐकण्यावर उभी आहे, तिच्यात संगणक शिरला की नेमकं काय हलतं?

आधी एक आकडा, म्हणजे प्रमाण कळेल. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालानुसार शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण ३ टक्केच मुलं मदरशात शिकतात. म्हणजे आपण बोलतोय ते एका छोट्या गटाबद्दल. पण पुढचे इमाम, मुफ्ती, धर्मशिक्षक याच गटातून येतात, म्हणून त्याचं महत्त्व.

उत्तर हिंदुस्थानातल्या बहुतेक मदरशांच्या वरच्या अभ्यासक्रमाला 'दर्से निजामी' म्हणतात. आपल्याला निजाम म्हटलं की हैदराबाद आठवतं, पण याचा त्याच्याशी काही संबंध नाही. लखनौचे मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावावरून हे नाव पडलं. त्यांचं घराणं 'फरंगी महल' नावाच्या हवेलीत राहायचं. ही हवेली आधी एका युरोपीय व्यापाऱ्याची होती, औरंगजेबाने ती या कुटुंबाला दिली. म्हणजे परंपरेच्या बालेकिल्ल्याच्या दारावरच 'फिरंगी' अशी पाटी! या अभ्यासक्रमात अरबी व्याकरण आणि फिकह (धर्मशास्त्रीय कायदा) होतंच, पण तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानही भरपूर होतं, आणि युक्लिडची भूमितीसुद्धा होती.

मग आलं देवबंद. मे १८६६ मध्ये सहारनपूर जिल्ह्यातल्या या गावी, एका मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली दारुल उलूम सुरू झालं. शिक्षक एक, विद्यार्थी एक, आणि दोघांचंही नाव महमूद. १८५७ नंतर दिल्लीचा जुना आश्रय संपला होता. बादशहा नाही, नवाबांची इनामं नाहीत. तेव्हा संस्थापकांनी काय केलं? त्यांनी सरळ इंग्रजी कॉलेजचा साचा उचलला. वर्गवारी, ठरलेला अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा, ग्रंथालय, होस्टेल हे सगळं आलं. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवी यांचे गुरू दिल्ली कॉलेजात शिकवत, त्यामुळे हा साचा अनोळखी नव्हता. पैसा सामान्य माणसांच्या छोट्या देणग्यांतून उभा राहिला. देणगीदारांची नावं छापील अहवालात यायची आणि पुढे मनीऑर्डरी येऊ लागल्या. विद्यार्थी रेल्वेने येऊ लागले. १८९० च्या दशकात फतव्यांसाठी वेगळा विभागच उघडला, कारण लांबलांबून पोस्टाने प्रश्न यायला लागले होते. (फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेलं मत. तो कोर्टाचा हुकूम नव्हे. पेपरवाले हे हमखास विसरतात.) छापखाना, पोस्ट आणि रेल्वे हे त्या काळचं नेटवर्क होतं आणि देवबंद त्यावरच वाढलं.

आणखी एक गंमत. त्या झाडाखालचा पहिला विद्यार्थी महमूद हसन पुढे देवबंदचाच प्रमुख आचार्य झाला, इंग्रजांनी त्यांना माल्टाच्या कैदेत ठेवलं आणि सुटून आल्यावर १९२० मध्ये त्यांनी जामिया मिलिया इस्लामियाचं उद्घाटन केलं. त्या जामियात आज इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे.

तर मग अडतं कुठे? ते समजायला 'सनद' म्हणजे काय हे समजून घ्यावं लागेल.

आपण सनद म्हणजे सर्टिफिकेट समजतो. मूळ अर्थ आहे आधार, टेकू. हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि कृती यांच्या नोंदी. प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात : एक मजकूर आणि दुसरा तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. अमुकने तमुककडून ऐकलं, तमुकने त्याच्या उस्तादांकडून, असं करत थेट मुळापर्यंत. साखळीतला एक दुवा जरी कच्चा निघाला तरी नोंदीचा दर्जा घसरतो. म्हणून या दुव्यांचंच एक शास्त्र तयार झालं : कोण कधी जन्मला, कधी वारला, कोणाला भेटणं शक्य होतं, स्मरणशक्ती कशी होती, म्हातारपणी घोळ घालायचा का! नेटवर्क सिक्युरिटीचा पेपर दिलेल्यांना इथे सर्टिफिकेट चेन आठवेल. ब्राउझर एखाद्या साइटवर विश्वास ठेवतो तो असाच, एकाने दुसऱ्याची हमी घ्यायची आणि दुसऱ्याने तिसऱ्याची.

आता महत्त्वाचं. ही साखळी ग्रंथ लिहून झाल्यावर थांबली नाही. इमाम बुखारी ८७० साली वारले, त्यांचा हदीससंग्रह छापून दुकानात मिळतो. तरीही देवबंदच्या शेवटच्या वर्षाला, ज्याला 'दौरा-ए-हदीस' म्हणतात, विद्यार्थी तो आणि असेच इतर संग्रह उस्तादांसमोर मोठ्याने वाचतात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, उस्ताद मध्ये थांबवून समजावतात. ते पुरं झालं की विद्यार्थ्याचं नाव साखळीत जोडलं जातं. देवबंदची साखळी दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (१७०३-१७६२) यांच्यातून मागे जाते.

मी मामूंना सरळच विचारलं, "पुस्तक हातात आहे, मग समोर बसून वाचायचा एवढा अट्टहास कशाला?" त्यांनी कागदावर अरबीची तीन अक्षरं लिहिली. क, त, ब. म्हणाले, "वाच." अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. हे 'कतबा' वाचलं तर 'त्याने लिहिलं', 'कुतिबा' वाचलं तर 'लिहिलं गेलं' आणि 'कुतुब' वाचलं तर 'पुस्तकं'. तीन अक्षरांत तीन अर्थ! मामू म्हणाले, "पुस्तकात चूक नसते बाबा, वाचणाऱ्याच्या तोंडात असते. ती कोणीतरी ऐकली तर पकडणार ना?" अशा चुकीला अरबीत वेगळा शब्दच आहे, 'तसहीफ'. हा शब्द 'पान' या अर्थाच्या शब्दावरूनच आला आहे. म्हणजे नुसत्या पानांवरून शिकलेल्याची चूक. आपल्याकडे वेदपाठशाळेत गुरुमुखातून संथा घेतात किंवा गाणं शिकताना गंडा बांधतात, त्यामागचा विचार फार वेगळा नाही.

तेराव्या शतकात इब्न अस्सलाह नावाच्या विद्वानाने ज्ञान मिळवण्याच्या आठ पद्धती सांगितल्या. सगळ्यात वर उस्तादांच्या तोंडून ऐकणं. मग त्यांना वाचून दाखवणं. मग त्यांची परवानगी, त्यांनी ग्रंथ हातात देणं, पत्राने पाठवणं असं उतरत उतरत शेवटी येते आठवी पद्धत, 'विजादा'. म्हणजे काय? तर कुठेतरी पुस्तक सापडलं आणि वाचलं. बस. मित्रहो, आपलं सेमिस्टरच्या आदल्या रात्रीचं सगळं शिक्षण, सीनियरने दिलेल्या झेरॉक्सपासून पीडीएफपर्यंत, विजादामध्ये मोडतं!

ही आठ पायऱ्यांची शिडी डोक्यात ठेवली की बाकीचा इतिहास उलगडायला लागतो. यंत्र नवं आहे म्हणून नाकारलं, असं क्वचितच घडलंय. त्या यंत्राने जपायची गोष्ट सुटते की टिकते, यावर बरंच काही ठरलं.

छपाईचंच घ्या. इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतेफर्रिका याला १७२७ मध्ये छापखान्याची परवानगी मिळाली, पण धार्मिक ग्रंथ सोडून. आपल्याकडे मात्र एकोणिसाव्या शतकात मौलवींनी छपाई झपाट्याने स्वीकारली. फरक कशाचा? शिळाप्रेसचा. खिळ्यांच्या छपाईत अक्षर सुटं पडतं. शिळाप्रेसमध्ये कातिब म्हणजे लेखनिक हाताने लिहितो आणि तेच वळण दगडावर उतरतं. हस्तलिखिताचं रूप तसंच्या तसं राहतं, वर शेकडो प्रती निघतात. लखनौला १८५८ मध्ये सुरू झालेल्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने कुराणापासून फारसी काव्यापर्यंत सगळं छापलं, आणि नवलकिशोर हिंदू होते. आपल्या मुंबईतही असे पुष्कळ शिळाप्रेस होते. आणि हसू नका, मराठी छपाईतही हेच झालंय. गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवेनात. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं आणि प्रश्न मिटला. अडचण छपाईची नव्हती, शाईची होती.

उर्दूची अडचण मात्र अक्षराच्या वळणातच होती, आणि इथे माझ्यातला कॉम्प्युटरवाला जागा होतो. उर्दूच्या नस्तालिक लिपीत शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरत जातो. एका अक्षराची उंची आणि आकार पुढच्या अक्षरांवर ठरतात. आपण 'क्ष' आणि 'र्‍य'च्या जोडाक्षरांना वैतागतो, इथे तर अख्खा शब्दच एक जोडाक्षर! म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उर्दूचे रोजचे पेपर कातिब हाताने लिहीत. १९८०-८१ च्या सुमारास पाकिस्तानातल्या मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसोबत 'नूरी नस्तालिक' आणलं. युक्ती काय, तर अक्षरं जोडण्याचे नियम लिहिण्याच्या फंदात न पडता हजारो तयार जोडआकार हाताने काढून यंत्रात भरले. याला इंजिनिअरिंगच्या भाषेत लुक-अप टेबल म्हणतात आणि हॉस्टेलच्या भाषेत जुगाड! १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' नावाचं सॉफ्टवेअर काढलं आणि उर्दूचा छपाईधंदा साध्या पीसीवर आला. मदरशांची पुस्तकं, मासिकं, परीक्षेचे पेपर सगळं इनपेजमध्ये.

पण इनपेजने एक गुंता मागे ठेवला, आणि तो मराठीवाल्यांना पाठ आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी फाइल दुसऱ्या मशिनवर उघडली की जंतर-मंतर दिसतं ना? तसंच. इनपेजच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नव्हत्या. वर्षानुवर्षं टाइप केलेला मजकूर स्क्रीनवर सुंदर दिसतो, पण सर्च इंजिनला तो दिसतच नाही. उर्दू धर्मग्रंथांचं मोठं भांडार संगणकात असूनही संगणकाला वाचता येत नाही, त्याचं एक कारण हे.

आता ज्यांनी हा प्रश्न नीट ओळखला त्यांचं उदाहरण. हिफ्ज म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ करणं. त्याची पद्धत ठरलेली आहे. रोजचा नवा धडा म्हणजे 'सबक', गेल्या काही दिवसांची उजळणी म्हणजे 'सबकी' आणि जुन्या भागाची फिरती उजळणी म्हणजे 'मंझिल'. (आता मोबाइल अॅपवाले ठरावीक अंतराने उजळणी करायला लावतात आणि त्याला क्रांती म्हणतात!) पाठ करणारा मुलगा शब्दांबरोबर पानही लक्षात ठेवतो. ही आयत उजव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत. म्हणून हाफिजांसाठीच्या प्रतीत पंधरा ओळींचं पान असतं, पान संपतं तिथे आयत संपते आणि सगळी मुलं तीच आवृत्ती वापरतात. सीरियाचे सुलेखनकार उस्मान ताहा यांच्या हातची मदिनेची प्रत ६०४ पानांची आहे आणि जगभर ती तशीच छापतात. अशा वेळी मोबाइलने आपल्या सवयीप्रमाणे स्क्रीनच्या रुंदीनुसार ओळी मोडल्या तर काय होईल? पाठांतराचा नकाशाच पुसला जाईल. म्हणून चांगली कुराण अॅप पान मोडत नाहीत, ६०४ म्हणजे ६०४. आपण वेब डिझाइनमध्ये मजकूर स्क्रीनप्रमाणे वाहता ठेवावा असं शिकतो. इथे न वाहणारा मजकूर हीच गरज. वापरणारा काय जपतोय हे न विचारता डिझाइन करू नये, हे मला कुठल्याही लेक्चरपेक्षा या पानाने जास्त नीट शिकवलं.

आवाजाचंही असंच. १९६१ मध्ये इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुराण पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं. उच्चार प्रमाण ठेवायला रेकॉर्डिंगचा फायदाच होता. पण रेकॉर्ड तुम्हाला ऐकवते, तुमचं ऐकत नाही. ती उणीव पुढे स्काइपने भरून काढली. २००० च्या दशकाच्या अखेरीपासून लाहोर-कैरोचे शिक्षक लंडन-न्यूयॉर्कच्या मुलांचे उच्चार समोरासमोर दुरुस्त करू लागले. शिडीवर बघा, हे 'उस्तादांना वाचून दाखवणं' झालं, फक्त मध्ये वायर आली.

खरा धक्का दिला तो सर्चने. 'मकतबा शामिला' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर २००० च्या दशकापासून मदरशांत फिरतंय. हजारो अरबी ग्रंथ एका सीडीवर, पुढे पेनड्राइव्हवर. एखादी हदीस कोणकोणत्या संग्रहात, कोणत्या साखळीने आली आहे हे शोधायला पूर्वी दिवस लागायचे. आता शब्द टाका, एन्टर दाबा. ज्या छोट्या मदरशाला शंभर ग्रंथ घेणं परवडत नव्हतं त्याच्या मुलांना मोठ्यात मोठ्या ग्रंथालयाइतकं वाचायला मिळू लागलं. ही लहान गोष्ट नाही, आणि गावाकडून आलेल्या आपल्यासारख्यांना ती सांगायची गरज नाही. यातही परंपरेची एक खूण राहिली आहे : अनेक ग्रंथांवर 'छापील प्रतीप्रमाणे पृष्ठक्रमांक' असा शेरा असतो, म्हणजे संदर्भ देताना कागदाशी ताळा जमतो.

मामू स्वतः शामिला वापरतात. तरी त्यांची तक्रार आहे. पूर्वी एक हदीस शोधताना मुलगा वीस पानं चाळायचा आणि आजूबाजूचं पंधरा गोष्टींचं वाचन व्हायचं. आता तो थेट ओळीवर उतरतो. ओळ सापडते, प्रकरण सापडत नाही. "आणि जेर-जबर कुठून आणणार?" असं म्हणून त्यांनी ते तीन अक्षरी कागदावर बोट ठेवलं. मला वाटतं ते बरोबर आहेत, पण अर्धेच. कारण ज्याच्याकडे मुळात ग्रंथच नव्हता त्याला ती ओळसुद्धा मिळत नव्हती.

२०२२ च्या अखेरीपासून चॅटबॉट आले आणि प्रकरण आणखी पुढे गेलं. चॅटबॉट अस्तित्वात नसलेले संदर्भ ठोकून देतो हे आपण सेमिनार रिपोर्टांत पाहिलंच आहे. हदीसच्या बाबतीत त्याचा अर्थ गंभीर होतो. नसलेल्या साखळीसकट नसलेलं वचन तयार करणं हा या विद्येत हजार वर्षांपासून सर्वात मोठा गुन्हा मानला गेलाय, ते पकडण्यासाठीच तर दुव्यांचं सगळं शास्त्र उभं राहिलं. विजादामध्ये निदान पुस्तक तरी सापडलेलं असतं!

मग यंत्रांबद्दल मौलवी काय म्हणतात? इथेही एक आवाज नाही. लाउडस्पीकर आला तेव्हा प्रश्न पडला : नमाजात ऐकू येतो तो इमामाचाच आवाज की यंत्राने नव्याने तयार केलेला? देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी, जे पुढे पाकिस्तानात गेले, त्यांनी अशा आधुनिक यंत्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि लाउडस्पीकरबद्दलचं त्यांचं मत पुढे बदललंही. त्यांचे चिरंजीव मुफ्ती तकी उस्मानी यांच्यासमोर प्रश्न आला डिजिटल चित्राचा. सजीवांचं चित्र काढणं निषिद्ध मानलं, तर स्क्रीनवरचा व्हिडिओ चित्र आहे का? कागदावर काही उमटतच नाही, मग ते चित्र कसं, असा त्यांचा कल. देवबंदला हे पटलेलं नाही, तिथे डिजिटल असलं तरी चित्र ते चित्रच. पिक्सेल म्हणजे काय यावर इतका बारीक वाद आमच्या ग्राफिक्सच्या व्हायवातसुद्धा झाला नाही.

देवबंदच्या फतवा विभागाची उर्दू-इंग्रजी वेबसाइट आहे, आणि त्याच देवबंदने विद्यार्थ्यांच्या कॅमेरावाल्या मोबाइलवर वेळोवेळी बंदी घातली आहे. पेपरवाल्यांना यात ढोंग दिसतं. मला तसं वाटत नाही. रात्री ठरल्या वेळी होस्टेलचं नेट बंद करणारे रेक्टर सर काही इंटरनेटविरोधी नसतात (निदान ते तसं म्हणतात!). २०२३ च्या जूनमध्ये देवबंदने शिकत असलेल्या मुलांना बाहेर इंग्रजीचे क्लास लावायला मनाई केली, त्यावर गदारोळ झाला. संस्थेचं म्हणणं होतं की चालू अभ्यासाकडे पूर्ण लक्ष हवं, इंग्रजीला विरोध नाही. पदवीधरांसाठी इंग्रजीचा वेगळा विभाग तिथेच आहे, हे खरं. पण शिकत असतानाच पुढच्या पोटापाण्याची सोय बघणाऱ्या गरीब मुलाला 'आधी हे संपव, मग ते' हे उत्तर पुरेसं आहे का? इथे मी त्या मुलाच्या बाजूने आहे.

कारण पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा बोर्ड कायदा वैध ठरवला. पण त्यातल्या कामिल आणि फाजिल, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर पातळीच्या तरतुदी रद्द केल्या, कारण उच्च शिक्षणाची पदवी देणं हा यूजीसी कायद्याचा प्रांत. देवबंद या बोर्डाखाली येत नाही. तरी मुद्दा सगळ्यांना लागू आहे : हजार वर्षांच्या साखळीत नाव असलेल्या मुलाकडे नोकरीच्या अर्जात भरायला 'ग्रॅज्युएट' हा शब्द नसतो. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने २०१३ पासून मदरशातून आलेल्यांसाठी ब्रिज कोर्स सुरू केला तो यासाठीच. कैरोच्या अल-अझहरने हा प्रश्न १९६१ मध्येच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. सरकारी कायद्याने त्या हजार वर्षं जुन्या संस्थेत मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या फॅकल्टी घातल्या. पण त्याबरोबर सरकारचा हातही आत आला.

तिसरी वाट आपल्या महाराष्ट्रात आहे आणि आपल्याला ती फारशी माहीत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुवा हा आदिवासी तालुका. तिथे मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये मदरसा सुरू केला. आज त्याच आवारात हिफ्जचे वर्ग आहेत, दर्से निजामी आहे आणि युनानी, फार्मसी, बी.एड., आयटीआय, इंजिनिअरिंगही आहे. एका बाजूला उस्तादांसमोर बुखारी वाचली जाते, दुसऱ्या बाजूला सबमिशनची धावपळ. वस्तानवी जानेवारी २०११ मध्ये देवबंदचे मोहतमिम, म्हणजे कुलगुरूच म्हणा, झाले. गुजरातबद्दलच्या एका मुलाखतीवरून वाद पेटला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये शूराने, म्हणजे नियामक मंडळाने, त्यांना दूर केलं. ते अक्कलकुव्याला परतले आणि मे २०२५ मध्ये वारले. देवबंदला त्यांच्या हातून काय बदललं असतं ते सांगता येत नाही. अक्कलकुव्यात झालेलं काम मात्र जाऊन बघता येतं, एस.टी. जाते.

२०२० ची टाळेबंदी २५ मार्चला लागली. मदरशांचा वार्षिक परीक्षांचा शाबान महिना त्याच आठवड्यात सुरू होत होता. वर्ग बंद, होस्टेल रिकामी. मामूंच्या मदरशातही मुलं घरी गेली आणि रमजाननंतर नवं वर्ष फोनवर सुरू झालं. कित्येक घरांत एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. मामूंनी मग ठरावीक वेळी एकेका मुलाला साधा कॉल करून पाठ ऐकायला सुरुवात केली. व्हिडिओ नाही, स्क्रीन नाही. तो वाचायचा, हे ऐकायचे. एका मुलाला दहा मिनिटं.

जाता जाता, बी.ई. प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांसाठी. जुन्या शिळाप्रेसवर छापलेल्या नस्तालिक पानांचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, अजून समाधानकारक होत नाही. ओळी तिरक्या, शब्द एकमेकांवर चढलेले, समासात टिपा आडव्या-उभ्या लिहिलेल्या. जुन्या इनपेज फाइली युनिकोडमध्ये नीट आणणं हेही काम शिल्लक आहे. डेटा लागला तर मामू द्यायला तयार आहेत, दोन कपाटं भरून आहे. अट एकच घातली आहे : मशीनने वाचलेलं पान मुलांनी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचं. उर्दू वाचता येणारा एक जण ग्रुपमध्ये घ्या.